सिम्युलेशन चालू असताना विद्यार्थिनी अडकली, तर मध्ये बोलायचं की नाही?

नवी_इन्स्ट्रक्टर

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. आधी लेबर रूमला स्टाफ नर्स होते, त्यामुळे कामाची सवय आहे, पण शिकवणं नवीन आहे. 2021 च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात लॅबला वेगळी क्रेडिट आली, तेव्हापासून आमच्याकडेही सिम्युलेशन, म्हणजे पुतळ्यावर खोटा प्रसंग उभा करून सराव, नेमाने होऊ लागलंय. साधनं बेताची आहेत. सीपीआरचा पुतळा, मामा-नॅटली (बाळंतीण झालेल्या बाईने कमरेला बांधायचं प्रसूतीच्या सरावाचं साधन), तिच्यासोबतचं बाळ, एक जुना डिलिव्हरी टेबल. त्यावरच सगळं चालतं.

प्रश्न असा आहे. गेल्या आठवड्यात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा प्रसंग घेतला. पेशंट 24 वर्षांची, दुसरी खेप, नॉर्मल डिलिव्हरी होऊन वीस मिनिटं झालेली, वार पूर्ण पडलेली. मामा-नॅटली एका सहकारी मॅडमनी बांधली होती. रक्त सुरू झालं. जी मुलगी नर्स होती ती वर्गात हुशार आहे, थिअरीत पहिल्या पाचांत असते. तिने बीपी घेतलं. परत बीपी घेतलं. मग नाडी, मग पुन्हा बीपी. रक्त वाहतंय, पण गर्भाशय मऊ पडलंय का ते बघायला पोटावर हात नाही, कुणाला हाक नाही. मी कोपऱ्यात उभी. मला वाटत होतं, ओरडून सांगावं, "अगं, गर्भाशय बघ!" पण ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की प्रसंग चालू असताना इन्स्ट्रक्टरने मध्ये पडू नये. मी गप्प राहिले. वेळ संपली, ती मुलगी रडत बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी लॅबला आली नाही.

आमच्या एक वरिष्ठ मॅडम म्हणतात, लगेच थांबवून चूक दाखवायला हवी होती, चुकीचा सराव घट्ट बसतो. दुसऱ्या म्हणतात, अडू दे, अडल्याशिवाय कळत नाही. मला दोन्ही पटत नाही. तुम्ही काय करता? नक्की कुठल्या क्षणी बोलता आणि काय बोलता? आणि अशा मुलीला परत लॅबमध्ये कसं आणायचं?

---

स्किललॅब_मॅडम

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले, कारण माझ्या कामाचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे. मी पश्चिम महाराष्ट्रात आहे. आधी सिस्टर ट्यूटर होते, आता स्किल लॅब सांभाळते.

तुमच्या दोन्ही मॅडम अर्ध्या बरोबर आहेत. त्या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत, एवढंच. हाताचं कौशल्य शिकवत असाल तर तिथल्या तिथे थांबवायचं. छाती दाबताना खोली 5 ते 6 सेंटिमीटर होत नसेल, वेग मिनिटाला 100 ते 120 च्या बाहेर जात असेल, तर "थांब, कोपर सरळ, पुन्हा" असं त्याच क्षणी सांगायचं. बाळाला अँबू बॅगने श्वास देताना मास्क नाकातोंडावर नीट बसला नाही तर तेव्हाच हात धरून बसवायचा. तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. पण तुम्ही घेतला तो पूर्ण प्रसंग होता. त्यात तुम्हाला हात बघायचे नव्हते, त्या हातांमागचा विचार बघायचा होता. तो विचार तिथेच तोडला तर काय चाललं होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

म्हणून मदत करायची, पण इन्स्ट्रक्टर म्हणून नाही. मदत प्रसंगातल्या कुणाच्या तरी तोंडून येऊ द्यायची.

मामा-नॅटलीचं बळ इथेच आहे. ती बांधून बसलेली बाई एकाच वेळी बाळंतीणही असते आणि शिक्षिकाही. रक्त किती सोडायचं, गर्भाशय मऊ ठेवायचं (म्हणजे रक्त चालूच) की मालिशनंतर कडक करायचं (म्हणजे रक्त थांबतंय), हे तिच्या हातात असतं, आणि बोलायला तोंडही आहे. मुलगी बीपीच्या पट्ट्यात अडकली असेल तर आधी थोडं थांबायचं. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. शिक्षकाला ती शांतता फार लांब वाटते, पण त्या वेळात पुष्कळ मुली स्वतःहून सुटतात. नाही सुटली, तर बाळंतिणीने म्हणायचं, "सिस्टर, मला चक्कर येतेय. खाली ओलं ओलं लागतंय." एवढ्याने नजर खाली गेली तर झालं काम. नाही गेली, तर सासू. आमच्या प्रत्येक प्रसूतीच्या प्रसंगात सासू असतेच, कारण आपल्या ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमच्या दारात ती खरोखर उभी असते. ती म्हणते, "अहो बाई, आत्ता दिलेलं कापड परत भिजलं की!" तरीही हात पोटावर गेला नाही तर फोन वाजवायचा. ड्यूटीवरचे डॉक्टर विचारतात, "मी दुसऱ्या केसमध्ये आहे, मला सांगा, गर्भाशय हाताला कसं लागतंय?" हा प्रश्न उत्तर देत नाही, पण हात कुठे न्यायचा ते सांगतो. आणि त्यानंतरही मुलगी गोठलेलीच असेल, तर एक इन्स्ट्रक्टर सीनियर स्टाफ म्हणून आत येते, शेजारी उभी राहते आणि म्हणते, "मी मालिश सुरू करते, तू दोन मोठ्या व्हेनफ्लॉन लाव आणि ऑक्सिटोसिन भर." (व्हेनफ्लॉन म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी, ऑक्सिटोसिन म्हणजे गर्भाशय आवळायचं इंजेक्शन.) काम पुढे जातं, मुलगी कामात राहते, बाळंतीण वाचते. माझ्या लॅबमध्ये प्रसंग अर्धवट बंद करण्याची वेळ क्वचित येते. मुलीचा श्वास वर चढला, ती खरोखर घाबरीघुबरी झाली, की मात्र क्षणात बंद. तिथे अभ्यास दुय्यम.

हे सगळं आधी लिहून ठेवायला लागतं. कुणी, कधी, काय बोलायचं. ऐन वेळी सुचत नाही, मग तोंडून "अगं, गर्भाशय बघ" असंच निघतं.

आता त्या मुलीबद्दल. तुमच्याकडे नेमकं काय घडलं ते मी पाहिलेलं नाही, पण अगदी हाच प्रकार माझ्या लॅबमध्ये पुष्कळदा पाहिलाय, म्हणून सांगते. थिअरीत हुशार असलेली मुलगी पुन्हा पुन्हा बीपी घेते तेव्हा तिला गर्भाशयाची मालिश माहीत नसते असं नाही. विचारलं तर पाठ सांगेल. मग हात का जात नाही? नंतर बसून विचारलं तेव्हा एकीने मला सांगितलं, "मॅडम, बीपी कमी आलं तर डॉक्टरांना बोलवता येईल असं वाटलं. डॉक्टर आल्याशिवाय पोट कसं दाबायचं?" म्हणजे ज्ञान होतं, परवानगी नव्हती. आपण दोनेक वर्षं त्यांना वॉर्डात "विचारल्याशिवाय हात लावायचा नाही" असं शिकवतो आणि लॅबमध्ये अपेक्षा करतो की त्यांनी न विचारता हात घालावा. हे तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं असतं: पोटावर हात ठेवणं, मालिश करणं, मदतीला हाक मारणं, हे तुझं काम आहे, यासाठी कुणाची वाट बघायची नाही. तुम्ही ओरडून "गर्भाशय बघ" म्हटलं असतं तर तिने बघितलं असतं, आणि परवानगीची ती गाठ तशीच राहिली असती.

ती गाठ सुटते ती नंतरच्या बोलण्यात. डीब्रीफिंगला आमच्याकडे प्रसंगापेक्षा जास्त वेळ ठेवतो. प्रसंग दहा मिनिटांचा, बोलणं वीस ते तीस मिनिटांचं. टेबलापासून लांब, सगळ्यांना सारख्या खुर्च्या, गोल करून. मी उभी राहून बोलत नाही, कारण आपल्या मुलींना उभ्या मॅडम दिसल्या की तोंडी परीक्षाच वाटते.

"कसं वाटलं?" असं विचारलं तर उत्तर येतं, "छान, मॅडम." संपलं. म्हणून मी विचारते, "रक्त दिसलं तेव्हा अंगात काय झालं?" मग बोलतात. हात गार पडले, कानात आवाज आला, पट्टा गुंडाळताच येईना. हे आधी बाहेर पडू द्यायचं, त्याशिवाय पुढचं काही आत जात नाही. मग काय काय घडलं ते क्रमाने, सगळ्यांनी मिळून. मग मुद्द्याचा प्रश्न. तो विचारायची एक पद्धत आहे, मला ती फार उपयोगी पडली. आधी आपण पाहिलेलं सांगायचं, मग आपल्याला काय वाटलं ते, आणि मग तिचा विचार विचारायचा. "मी पाहिलं की तू तीनदा बीपी घेतलंस आणि पोटावर हात गेला नाही. मला काळजी वाटली, कारण रक्त चालूच होतं. त्या वेळी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?" यात "का नाही केलंस?" नाही. "का नाही केलंस?" ला आपल्याकडे एकच उत्तर असतं, खाली मान.

अमेरिकेत बॉस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनने एक वाक्य रूढ केलंय, ते आम्ही मराठीत लॅबच्या भिंतीवर रंगवून घेतलंय. आशय असा की इथे येणारी प्रत्येक जण हुशार आहे, सक्षम आहे, आपलं काम उत्तम करायची आणि सुधारायची तिची इच्छा आहे. दर सत्राआधी मी ते मोठ्याने वाचते. आधी मुली हसल्या. आता मी विसरले तर आठवण करून देतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलणं झाल्यावर त्याच मुलीला, त्याच दिवशी, तोच प्रसंग पुन्हा द्या. रडून घरी गेली की लॅब म्हणजे रडण्याची जागा हेच डोक्यात राहतं. तुमच्या मुलीलाही परत बोलवा, पण सगळ्या बॅचसमोर नको. तुम्ही आणि ती, हवं तर तिची एक मैत्रीण. आधी तुम्ही नर्स व्हा आणि तिला बाळंतीण करा. पोटावर हात पडल्यावर, कुणीतरी "घाबरू नका, मी आहे" म्हटल्यावर टेबलावरच्या बाईला काय वाटतं, हे तिला कळू द्या. मग भूमिका बदला.

---

रात्रपाळी_सिस्टर

मॅडमचं सगळं वाचलं. चांगलं आहे, पण माझं थोडं वेगळं मत आहे आणि ते मी स्पष्टच मांडते. मी सरकारी दवाखान्यात पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डला आहे. रात्री एक स्टाफ, एक मावशी आणि खाटांपेक्षा जास्त पेशंट. तिथे बाळंतीण "चक्कर येतेय" म्हणेल याचा भरवसा नाही. ती गुपचूप झोपलेली असते, घोंगडीखाली रक्त साचलेलं असतं. सासू दमून बाहेर झोपलेली असते. डॉक्टरांचा फोन लागत नाही. तुमच्या मुली सिम्युलेशनमध्ये इशाऱ्यांवर चालायला शिकल्या तर वॉर्डात इशारा देणार कोण?

दुसरं, पुतळ्याचं अंग गार पडत नाही. घामाने ओला झालेला हात, पांढरे पडलेले ओठ, बोलताना अडखळणारी बाई, हे वॉर्डातच दिसतं. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थिनींचे वॉर्डातले तास कमी करून लॅबमध्ये घालवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

---

स्किललॅब_मॅडम

सिस्टर, घोंगडीखालच्या रक्ताचा मुद्दा मी उचलणार आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रसंगात बाळंतीण गप्पच ठेवायची आणि चादरीखाली रक्त साचू द्यायचं, हे करायलाच हवं. तुमच्यासारख्या स्टाफने प्रसंग लिहायला बसावं असं मला फार मनापासून वाटतं. लॅबमधल्या कितीतरी केस वॉर्डापासून लांब गेलेल्या असतात.

इशाऱ्यांबद्दल मात्र माझं म्हणणं असं की ते शिडीसारखे असतात, वर चढल्यावर काढून घ्यायचे. पहिल्यांदा रक्त बघणाऱ्या मुलीला आणि इंटर्नशिपच्या मुलीला एकच प्रसंग देणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या मुलीचा हात अजून गर्भाशयाचा माथा शोधायला शिकतोय, तिच्यावर ओरडणारी सासू, वाजणारा फोन आणि शेजारच्या खाटेवर रडणारं बाळ एकदम सोडलं तर ती यातलं काहीच शिकणार नाही. आधी हात तयार होऊ दे. मग सासू. मग फोन न लागणं. मग गप्प बाळंतीण.

वॉर्डाच्या तासांबद्दल: अमेरिकेत नर्सिंग कौन्सिलच्या राष्ट्रीय संघटनेने 10 कॉलेजांमध्ये एक मोठा अभ्यास केला, 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरले तरी परीक्षेत आणि पहिल्या नोकरीतल्या कामात मुली मागे पडल्या नाहीत. पण तिथे इन्स्ट्रक्टर प्रशिक्षित होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर ठरलेल्या पद्धतीने डीब्रीफिंग होत होतं. हे नसेल तर तास बदलून काही उपयोग नाही. माझ्या मते आपल्याकडे वॉर्डाचे तास कमी करायची घाई नको. वॉर्डात पाठवण्याआधीच्या आठवड्यात लॅब घट्ट करावी, म्हणजे तुमच्याकडे येणारी मुलगी भिंतीला टेकून उभी राहणार नाही.

आणि गार अंगाचं खरं आहे. म्हणूनच सुरुवातीला सांगावं लागतं की या पुतळ्याला काय येतं आणि काय येत नाही. "त्वचा गार आहे का?" असं मुलीने विचारलं की बाळंतिणीने किंवा इन्स्ट्रक्टरने लगेच सांगायचं, "गार आणि घामेजलेली." हे आधी ठरलं नसेल तर मुलगी पुतळ्याच्या मर्यादेला पेशंटचं लक्षण समजते आणि उगाच अडते. मी प्रसंगाआधी दहा मिनिटं नुसती टेबलाभोवती फिरायला देते. ट्रॉली उघडा, ऑक्सिटोसिन कुठे आहे बघा, पोटावर हात ठेवा, कडक गर्भाशय आणि मऊ गर्भाशय दोन्ही हाताला लागू द्या. इंजेक्शन सापडलं नाही म्हणून प्रसंग फसला, असं व्हायला नको.

---

जीएनएम_तिसरं_वर्ष

मी विद्यार्थिनी आहे, बोललं तर चालेल ना? या चर्चेत आमच्या बाजूचं कुणी नाही म्हणून लिहितेय.

आम्हाला रक्ताची भीती वाटत नाही. म्हणजे वाटते, पण खरी भीती मागे उभ्या असलेल्या मुलींची वाटते. काचेच्या पलीकडे किंवा भिंतीला लागून वीस जणी उभ्या असतात, कुणीतरी हसतं, आणि संध्याकाळी होस्टेलला त्यावरच बोलणं. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा व्हिडिओ तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरला होता. शिकवायला म्हणून काढला होता. ती त्यानंतर कधीच पुढे आली नाही. तर व्हिडिओ कोण बघणार, कधी पुसणार, हे आधीच सांगा. मोबाईल बाहेर ठेवायला लावा, मॅडमचे पण.

बघणाऱ्या मुलींना काम द्या. आमच्या एका मॅडम असं करतात. एकीने फक्त वेळ लिहायची, मदतीला हाक कधी मारली, इंजेक्शन कधी दिलं. एकीने फक्त पेशंटशी काय बोललं गेलं ते लिहायचं. एकीने टीममध्ये कोण कुणाला नाव घेऊन बोललं ते. मग कुणाला हसायला वेळ मिळत नाही, आणि नंतर बोलताना मॅडमना चूक सांगावी लागत नाही, कागदच सांगतो.

अजून एक. मार्क असणार की नाही ते स्पष्ट सांगा. "हा फक्त सराव आहे" म्हणायचं आणि नंतर इंटर्नल मार्क लावताना तेच आठवायचं, असं झालं की आम्ही पुढच्या वेळी पाठ करून येतो आणि पाठ केलेलंच करून दाखवतो. सरावाचा दिवस आणि परीक्षेचा दिवस वेगळा ठेवा.

आणि मराठीत बोलू द्या ना. आमच्या वर्गात बऱ्याच जणी मराठी माध्यमाच्या आहेत. पेशंटशी आम्ही मराठीतच बोलणार आहोत. पण लॅबमध्ये इंग्रजीत बोलायचं म्हणून अर्धं डोकं वाक्य जुळवण्यात जातं.

---

यॉर्कशरची_परिचारिका

मी मूळची साताऱ्याकडची, सध्या इंग्लंडमध्ये काम करते. इथे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना 2300 तासांचं प्रात्यक्षिक करावं लागतं, त्यातले 600 तासांपर्यंत सिम्युलेशनमधून भरता येतात. त्यामुळे इथली कॉलेजं याकडे फार गांभीर्याने बघतात.

या मुलीच्या शेवटच्या मुद्द्याला धरून सांगते. भारतातून आलेल्या परिचारिकांना इथे नोंदणीसाठी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. तयारी करताना मी बघते, आपल्या मुलींचा हात छान चालतो, पण तोंड बंद असतं. काय करतोय, काय दिसतंय, मग काय करणार, हे मोठ्याने बोलायची सवयच नाही. तुमच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षापासून मुलींना बोलत बोलत काम करायला लावा. "गर्भाशय मऊ लागतंय, मी मालिश सुरू करतेय, सुनीता, तू सलाईन लाव." त्याने इन्स्ट्रक्टरला आतला विचार ऐकू येतो आणि कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं, हा मूळ प्रश्न निम्मा सोपा होतो. बोलायची भाषा मराठी असली तरी काही बिघडत नाही, इंग्रजी पुढे येते. माझी आली.

इथे प्रसंगात कुणीही विद्यार्थी "मला एक मिनिट थांबायचंय" म्हणू शकतो. आधीच सांगितलेलं असतं. मला सुरुवातीला ते फार विचित्र वाटलं होतं, पण तेवढं माहीत असलं की कुणी फारसं थांबत नाही.

---

नवी_इन्स्ट्रक्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. परवानगीचा मुद्दा वाचून मी त्या मुलीला फोन केला. भरपूर बोललो. जवळजवळ तेच निघालं. तिचं म्हणणं, वॉर्डात एकदा तिने बाळंतिणीच्या पोटाला हात लावला म्हणून तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली होती. सोमवारी ती, तिची रूममेट आणि मी, तिघीच लॅबमध्ये बसणार आहोत.

अजून दोन गोष्टी विचारते. पुढच्या महिन्यात तिसऱ्या सेमिस्टरला कार्डिअॅक अरेस्टचा प्रसंग आहे. मुलींनी सीपीआर चुकीचा दिला तर पेशंट गेला असं दाखवायचं का? आमच्याकडे काही जण म्हणतात, दाखवा, म्हणजे गांभीर्य कळेल. आणि सासूच्या भूमिकेला विद्यार्थिनी घेतली तर चालेल का?

---

स्किललॅब_मॅडम

फोन केलात, फार बरं केलंत.

तिसऱ्या सेमिस्टरला पेशंट मारू नका. मुलगी वर्षभरापूर्वी बारावी करून आलेली असते. "तुझ्यामुळे गेला" हे तिच्या मनात बसलं तर पुढच्या वेळी तिचा हात आणखी उशिरा उठेल. सीपीआर कमी पडत असेल तर मॉनिटर तसाच ठेवा, वेळ वाढवा, सीनियर स्टाफला आत पाठवा, दर दोन मिनिटांनी दाबणारी बदला. सीपीआरच्या पुतळ्याचा जनक म्हणजे नॉर्वेचा आस्मुंड लेर्डाल, मूळचा खेळणी बनवणारा. 1960 मध्ये त्याने तो पुतळा आणला तेव्हा चेहरा मुद्दाम शांत, सौम्य तरुणीचा ठेवला. शिकणाऱ्याने घाबरून मागे सरू नये, हा विचार त्या साधनातच आहे. आपण तो उलटा फिरवू नये.

मृत्यूचा प्रसंग घ्यायचाच, पण शेवटच्या वर्षाला, आणि वेगळ्या हेतूने. सगळं बरोबर करूनही पेशंट जातो. हॉस्पिटलमध्ये अरेस्ट झालेले बहुतेक पेशंट घरी परतत नाहीत, आणि हे त्यांना वॉर्डात पहिल्यांदा कळू नये. त्या दिवशी आधीच सांगायचं की आज पेशंट जाणार आहे आणि तो तुमच्या चुकीने जाणार नाही. मग नातेवाइकांना काय सांगायचं, नळ्या काढून अंग कसं नीट करायचं, डोळे कसे मिटायचे, नंतर एकमेकींशी काय बोलायचं, हे त्या दिवसाचं खरं काम. त्या सत्रानंतर लगेच दुसरा तास ठेवू नका, आणि मुली होस्टेलला गेल्यावर संध्याकाळी एकदा वॉर्डनला फोन करून कशा आहेत ते विचारा.

सासू पहिल्या काही वेळा विद्यार्थिनीला देऊ नका. वर्गमैत्रीण सासू झाली की सगळ्या हसतात, किंवा ती मैत्रिणीला वाचवायला उत्तरच सांगून टाकते. इंटर्न किंवा दुसरी इन्स्ट्रक्टर घ्या. तिला एक कागद द्या. तिला काय माहीत आहे: सुनेची पहिली खेप घरीच झाली, तेव्हाही रक्त जास्त गेलं होतं. हे तिने कुणी विचारलं तरच सांगायचं. काय माहीत नाही: वार पूर्ण पडली की नाही. काय बोलायचं: दुसऱ्या मिनिटाला कापड भिजल्याचं, आणि चौथ्या मिनिटाला, तोवर कुणी तिच्याशी काहीच बोललेलं नसेल तर, "काय झालंय ते सांगाल का कुणी मला?" मुलीने तिला नीट उत्तर दिलं की सासूने गप्प बसायचं. मुलीने तिच्याकडे पाहिलंही नाही तर आवाज चढवायचा, पण अंगावर जायचं नाही आणि "सिस्टर, तुम्हाला येत नाही" असं काही म्हणायचं नाही.

लाल रंगासाठी खाण्याचा रंग वापरत असाल तर आधी एखाद्या जुन्या चादरीवर टाकून बघा. काही रंग धुतल्यावर जात नाहीत आणि मग लाँड्रीवाले पुढच्या वेळी चादरी देत नाहीत.